विंडोज ११ टाकलं म्हणून एफपीएस वाढत नाही, भावा!

‘अकरा टाकू का रे? गेम स्मूद चालतील का?’ तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा, कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये पीसीवर गेम खेळणारं टोळकं जमलं की सध्या हा प्रश्न निघतोच. त्याला कारणही आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून स्क्रीनवर मधूनच नोटीस येते आणि आपण मॅच सुरू व्हायच्या गडबडीत ती ‘नंतर बघू’ म्हणून उडवून लावतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. फक्त गेमसाठी विचारत असाल, तर अकराची काहीही घाई नाही. पण आपल्याकडे घरातला पीसी फक्त गेमसाठी असतो का?

आधी गेमचंच बोलू. एफपीएस म्हणजे एका सेकंदात स्क्रीनवर किती फ्रेम येतात ते, आणि ते ठरवतात ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि रॅम. तेच कार्ड, तोच गेम असेल तर दहा आणि अकरा यांच्यातला फरक बहुतेक वेळा डोळ्याला कळतही नाही. अकराच्या जाहिरातीत ऑटो एचडीआर असतं, पण त्यासाठी एचडीआर मॉनिटर लागतो. डायरेक्टस्टोरेज असतं, पण त्यासाठी वेगवान एनव्हीएमई एसएसडी लागते आणि गेममध्येही तशी सोय असावी लागते. आपल्यातल्या किती जणांच्या टेबलावर हे सगळं आहे? उलट अकरा नव्याने टाकलं की ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचं सुरक्षेचं फीचर बऱ्याचदा आपोआप चालू होतं आणि जुन्या प्रोसेसरवर ते थोडा वेग खातं. ते कसं बंद करायचं, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच गेमर्सना सांगितलंय. म्हणजे सुरक्षेसाठी अकरा घ्या आणि गेमसाठी सुरक्षा बंद करा. काय बोलणार!

आता आपल्याकडचे पीसी बघा. बरेचसे कंपन्यांमधून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप असतात. चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम आणि मग पैसे साठवून बसवलेलं जीटीएक्स १०५० टीआय. अकराला साधारणपणे इंटेलची आठवी जनरेशन किंवा रायझन २००० सिरीज आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात. शिवाय टीपीएम २.० हवं. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या सांभाळणारी चिप, कॉम्प्युटरच्या पोटातली तिजोरीच म्हणा. जुन्या मशिनमध्ये ती नसते, म्हणून अकरा ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असं सांगून मोकळं होतं.

मग जुगाड सुरू होतो. यूट्यूबवर दहा मिनिटांत कळतं, की ही तपासणी चुकवून अकरा टाकता येतं. येतं खरं. पण व्हॅलोरंट खेळणाऱ्यांनो, इथे थांबा. त्याची अँटी-चीट यंत्रणा, व्हॅनगार्ड, विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू आहे का ते तपासते. नसेल तर ‘व्हॅन ९००१’सारखा एरर येतो आणि गेम उघडतच नाही. दहावर त्याच मशिनवर तो चालत होता! गेमसाठी अकरा टाकलं आणि गेमच गेला, असा हा प्रकार.

ज्यांचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा आहे, त्यांचं मात्र वेगळं आहे. तिथे टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये त्याला ‘पीटीटी’ म्हणतात, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’. सिक्युअर बूटसाठी मशिन यूईएफआय मोडमध्ये आणि डिस्क जीपीटी प्रकारची लागते. जुनं इन्स्टॉलेशन एमबीआर असेल तर बदलण्याची सोय दहातच आहे, पण बॅकअप घेतल्याशिवाय तिला हात लावू नका. या मंडळींनी अकरा जरूर टाकावं. अपग्रेड फुकट आहे आणि नवे गेम त्याच दिशेने चाललेत. बॅटलफिल्ड ६ला सिक्युअर बूट लागतं, कॉल ऑफ ड्यूटीच्या ब्लॅक ऑप्स ७ला सिक्युअर बूट आणि टीपीएम दोन्ही.

बाकीच्यांचे गेम उद्या बंद पडणार का? नाही. विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला, स्टीमने त्याला निरोप दिला १ जानेवारी २०२४ला. चार वर्षं गेली मध्ये. आणि १०५० टीआयवाल्यांसाठी एक कडू बातमी: एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्येच थांबवले. आता ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. दहा ठेवा नाहीतर अकरा टाका, कार्डाचं वय तेच राहणार.

म्हणूनच मला हा प्रश्न गेमचा वाटत नाही. लोणावळ्यात ज्यांचा छोटा बंगला भाड्याने जातो, त्यांच्या घरच्या पीसीत काय असतं? गेस्टच्या आधार कार्डांचे फोटो. पवन मावळात कुणाचं गुलाबाचं पॉलिहाऊस असेल तर त्याचे हिशेब, व्यापाऱ्यांची बिलं, बँकेचं लॉगिन. कुठे चिक्कीच्या दुकानाचं बिलिंग, कुठे आईच्या बचत गटाची यादी, कुठे धाकट्या बहिणीचा सीईटीचा फॉर्म. आणि त्याच पीसीवर रात्री अकरानंतर आपण कुठल्यातरी साइटवरून क्रॅक केलेला गेम उतरवतो, मॉड टाकतो. विंडोजच खरं नसेल तर ते चालू करायला अँटीव्हायरस बंद करून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवतो, तोही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून. म्हणजे चोराला घरात घेऊन वर कपाटाची किल्ली दिली. सपोर्ट संपलेल्या विंडोजमध्ये सापडणारी नवी भोकं बुजवायलाही कुणी येत नाही. आपल्याला गेलेला रँक दिसतो. बाबांचं बँक लॉगिन गेलेलं दिसायला महिना लागतो.

बरं, यावर उपाय महाग नाही. विंडोज १०साठी सुरक्षेचे जादा अपडेट घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटवर सुरू केला तर ते फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे रुपये. विंडोज अपडेटच्या पानावर त्याची लिंक दिसते. एवढं न करता नुसतं ‘दहाच बेस्ट आहे’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आणि नवा पीसी मागायच्या आधी एसएसडी घ्या. एफपीएस फार वाढणार नाही, पण हार्ड डिस्कवर जीटीए उघडेपर्यंत चहा होतो, ते थांबेल. रॅम घ्यायला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर जुनी पट्टी खिशात टाकून न्या. चौथ्या जनरेशनला डीडीआर३ लागते, डीडीआर४ तिथे बसत नाही. लिनक्सचा सल्ला देणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याचं ऐकायला हरकत नाही, काउंटर-स्ट्राइक २ तिथे चालतो. व्हॅलोरंट चालत नाही.

ज्यांचं अकरा ठरलंय, त्यांना आपल्या भागापुरतं एक सांगते. डाउनलोड काही जीबींचं असतं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून बसू नका. पावसाळ्यात आंदर मावळात लाइट कधी जाईल ते महावितरणही सांगू शकणार नाही, आणि अपग्रेड अर्ध्यावर असताना डेस्कटॉप बंद पडला तर निस्तरायला तुम्हीच असता. यूपीएस नसेल तर शेजाऱ्याकडून एका दिवसापुरता मागून आणा. नाही आवडलं तर परत दहावर जायची सोय पहिले दहा दिवस असते. आणि दिवस ठरवताना घरी विचारा. बंगला भाड्याने देत असाल तर शनिवार नको, त्या दिवशी गेस्ट येतात आणि त्यांची नोंद याच पीसीवर होते.