परळचा वर्ग, मोखाड्याचा गोठा

पालघर-बोईसरकडच्या मुलामुलींना गुराढोरांचे डॉक्टर व्हायचे असेल, तर जवळचे ठिकाण म्हणजे मुंबईतले परळ. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि शंभरएक किलोमीटरचा हा प्रवास निदान एका गाडीत बसून करता येऊ लागला. तरी बोईसरहून दादर गाठायला दोन तास मोडतात. शरीररचनेचे प्रात्यक्षिक सकाळी आणि दवाखान्याची पाळी त्याआधी, अशा वेळापत्रकात रोजचे अप-डाऊन जमत नाही. म्हणून वसतिगृह, आणि सुटीला घर. पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला २०१४ मध्ये. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. ते हवेच, असा आमचा आग्रहही नाही. विद्यार्थी परळला जातो याबद्दल तक्रार नसावी. तिथे तो काय शिकतो आणि त्याच्या जिल्ह्यातले जनावर त्या शिक्षणात कितपत येते, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य त्याचे पहिले प्राचार्य. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई जनावरांचे इस्पितळ त्याच आवारात. त्या काळच्या मुंबईत ट्राम घोडे ओढत आणि माल बैल ओढत, त्यामुळे विद्यार्थ्यांपुढे येणारे रुग्णही तेच. पुढे ट्राम विजेवर गेली, बैलगाड्या हटल्या. आज परळच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते ती कुत्र्या-मांजरांची, आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्या जखमी जनावरांची. गाई-म्हशींसाठी गोरेगावची आरे वसाहत आहे. ज्या शहरात कॉलेज, त्या शहराचे जनावर विद्यार्थ्याच्या हाताखालून जास्त जाते. यात कुणाचा दोष नाही. पण याचे परिणाम शिक्षणावर होतातच.

हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे: साडेचार वर्षे वर्गात आणि प्रयोगशाळेत, शेवटचे वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर. एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली म्हणून आलेले बरेच जण पहिल्या वर्षाच्या वर्गात असतात. त्यातले काही पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊन निघून जातात, काही मनाविरुद्ध राहतात, आणि काही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कधीतरी या अभ्यासात रमतात. तोवर ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून नातेवाईकांनी हसून घेतलेले असते.

रमायला वेळ लागतो याला कारण आहे. माणसाच्या डॉक्टरला एकच देह शिकायचा असतो. इथे गाय-म्हैस पायाभूत धरायची आणि तिच्याशी ताडून घोडा, कुत्रा, डुक्कर, कोंबडी पाठ करायची. पहिल्या वर्षी वसतिगृहाच्या खाटांखाली हाडांच्या पेट्या असतात. खांद्याचे हाड हातात घेऊन ते कुणाचे आणि डावे की उजवे, हे तोंडी परीक्षेत सांगावे लागते. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. घोड्याला पित्ताशय नसते आणि त्याला उलटीही होत नाही. कोंबडीच्या काही हाडांत हवा असते. रवंथ करणाऱ्याचे पोट चार कप्प्यांचे, त्यात कोटीपोट सर्वांत मोठे आणि डाव्या कुशीत. पोट फुगले की तिथेच टिचकी मारून आवाज ऐकायचा. गाभण काळ गाईचा साधारण २८० दिवस, म्हशीचा ३१०, शेळीचा १५०, कुत्रीचा ६३. हे सगळे इंग्रजीतून. आश्रमशाळेतून किंवा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने सिसन-ग्रॉसमनचा जाड ग्रंथ उघडायचा आणि पानापानावर शब्दकोश पाहायचा, यातच जातात. त्याची बुद्धी कमी असते असे नाही, पण निकालात ते सहा महिने दिसतात.

पुढे औषधे येतात आणि पाठांतराचे रूपांतर जबाबदारीत होते. तापावर घरोघरी घेतली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. गुंगीचे झायलाझिन घोड्याला जेवढे लागते त्याच्या दहाव्या हिश्शात गाय आडवी होते. डायक्लोफिनॅक गाईला बरे करत होते, पण ती मेल्यावर तिचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते देशात बंद आहे. विद्यार्थ्याला डोस किलोवर काढावा लागतो आणि किलो अंदाजाने काढावे लागतात, कारण गोठ्यात वजनकाटा नसतो. छातीचा घेर आणि अंगाची लांबी टेपने मोजायची, सूत्रात बसवायची, आणि मालक जे वजन सांगतो ते ऐकून सोडून द्यायचे.

मालकाचे बाकीचे बोलणे मात्र सोडून देता येत नाही. सगळ्या विषयांत कठीण विषय तोच, आणि त्याची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. जनावर बोलत नाही, त्याच्या वतीने मालक बोलतो, आणि मालक आपल्या सोयीचे बोलतो. “कालपासून खात नाही” याचा अर्थ कधी चार दिवस असतो. मधल्या दिवसांत कुणी पाला बांधला, कुणी उरलेले इंजेक्शन टोचले, हे पहिल्या दमात कुणी सांगत नाही. वार अडकली आहे म्हणून बोलावणे येते आणि पोचल्यावर कळते की ती हाताने ओढून झाली आहे. दगडी झालेल्या कासेवर प्रतिजैविक दिले की काही दिवस दूध विकू नका, असे पुस्तक सांगते. ज्याच्या घरी तेवढ्याच दुधावर बाजार होतो त्याला ते कसे सांगायचे, हे पुस्तकात नाही. परळच्या दवाखान्यात कुत्रा घेऊन आलेल्या कुटुंबाशी बोलण्याची रीत वेगळी. तिथे मालक मोबाइलवर शोधून निदान घेऊनच आलेला असतो आणि प्रश्न खर्चाचा कमी, भीतीचा जास्त असतो. दोन्ही रीती शिकायला हव्यात. मुंबईत त्यातली एक भरपूर शिकायला मिळते.

दुसरी शिकायला पालघर जिल्हा पुरेसा आहे. पश्चिमेला समुद्र, रेल्वे, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र. पूर्वेला जव्हार, मोखाडा, विक्रमगडचा डोंगर. पूर्वेकडच्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकर घरांत शेळ्या, गावठी कोंबड्या, दोन बैल आणि एखादी गाय असते. डोंगरात दिसणारी डांगी ही मुसळधार पावसाची जात; तिच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाणी अंगावरून निथळून जाते. दूध कमी, म्हणून दुधाच्या हिशेबात ती नापास. पण जून ते सप्टेंबर चिखलात नांगर ओढायला संकरित बैल ठेवून पाहा म्हणावे. जनावराचा उपयोग लिटरमध्येच मोजायचा नसतो, हे विद्यार्थ्याला डांगी बैल दाखवल्याशिवाय पटत नाही. आरेच्या म्हशी ते शिकवू शकणार नाहीत.

शिवाय इथला आजार माणसांच्या हालचालीला बांधलेला आहे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात. घरी म्हातारी माणसे आणि काही गुरे राहतात. शेळ्या कुणाच्या तरी हवाली होतात, कोंबड्या कधी सोबत जातात. फऱ्या, घटसर्प, आंत्रविषार यांच्या लसी पावसाआधी द्यायच्या, हे वेळापत्रक बरोबर आहे. पण लस देणारा आला त्या दिवशी शेळी कुणाच्या दावणीला आहे, हे गावात राहिल्याशिवाय कळत नाही. लसीकरण कुठे कमी पडले याचे उत्तर पुष्कळदा लसीत नसते, स्थलांतरात असते.

बोईसर-तारापूरचा पट्टा वेगळाच धडा देतो. कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे, आणि मासेमारी करणाऱ्यांनी तो नेला. नाल्याकाठी चरणाऱ्या गुरांचे कुणी फारसे बोलत नाही. विषशास्त्र हा विषय शिकणाऱ्यासाठी पाणी, चारा आणि दूध यांचे नमुने कसे घ्यायचे, हे शिकण्याची ही जागा आहे. कामगार वस्त्यांतले भटके कुत्रे आणि रेबीज आहेतच. गुजरातची हद्द लागून असल्याने साथी राज्याची सीमा ओलांडून येतात. सप्टेंबर २०२० मध्ये, करोना ऐन भरात असताना, पालघरच्या प्रशासनाने काँगो तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला होता. हा ताप गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसाला होतो. गोचीड शोधायला गाईच्या शेपटीखाली, कानात, कासेच्या बगलेत बोटे घालणारा माणूस लागतो, आणि तो प्रशिक्षित नसला तर पहिला रुग्ण तोच. किनाऱ्यावर डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. एका जिल्ह्यात कासवापासून डांगी बैलापर्यंतचे रुग्ण असणे ही शिक्षणासाठी चैनच म्हणायची.

आणि तरीही गोठ्यात आधी पोचतो तो बहुतेक वेळा पदवीधर पशुवैद्य नसतो, पशुधन पर्यवेक्षक असतो. पशुधन विकास अधिकाऱ्याकडे एकाच वेळी दवाखाना, लसीकरणाची नोंद, योजनांचे अर्ज आणि अनेक गावे. १९६२ या क्रमांकावर फिरते पथक येते, पण जिथे मोबाइलला रेंज नाही अशा पाड्यावरून फोन करायला आधी टेकडी चढावी लागते. जिल्ह्यातून शिकून गेलेला तरुण परत का येत नाही, असे विचारणे सोपे आहे. वसई-विरारमध्ये कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटला तर घरभाडे निघते. लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली तर नेमणूक राज्यात कुठेही. जव्हारला खासगी व्यवसाय करायचा तर शेळीमागे किती पैसे घ्यायचे? शेळीच्या किमतीपुढे उपचाराचा खर्च बसत नाही, हे गणित कुणाच्या सेवाभावाने सुटत नाही.

म्हणून आमचे म्हणणे शेवटच्या वर्षापुरते आहे. बारा महिन्यांची आंतरवासिता ही फिरती असते: महाविद्यालयाचे रुग्णालय, प्रक्षेत्रे, सरकारी दवाखाने असे तुकडे पडतात, आणि गावाच्या वाट्याला येणारा तुकडा एवढा छोटा असतो की गाईचे नाव कळेपर्यंत इंटर्न पुढच्या ठिकाणी गेलेला असतो. त्याऐवजी मे ते जुलै असे सलग तीन महिने एका तालुक्यात घालवावेत. मे महिन्यात लस, जूनमध्ये पेरणीचे बैल आणि पहिल्या ओल्या चाऱ्याची पोटफुगी, जुलैत पायकुज आणि करडांची हगवण. एकाच दावणीवरचे जनावर तीन वेळा पाहिले की आपल्या औषधाचे काय झाले ते कळते. परळच्या दवाखान्यात बरे झालेले कुत्रे परत येत नाही आणि मेलेलेही येत नाही.

हे अवघड आहे, आणि अडचणी खऱ्या आहेत. तीन महिने डोंगरात घालवणाऱ्याच्या हातून शस्त्रक्रिया कमी होतील. एकट्या पशुधन विकास अधिकाऱ्यावर चार इंटर्नची जबाबदारी टाकणे म्हणजे त्याचे काम वाढवणे. विद्यापीठाचा एक शिक्षक तालुक्यात मुक्कामी हवा, नाहीतर इंटर्न लसीचा थंड डबा वाहणारा बिनपगारी हात होऊन बसेल. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत राज्यातले इंटर्न लसीकरणाला उतरले आणि त्यांनी काम निभावले. पण साथीत हात वापरणे आणि शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलींच्या राहण्याचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागेल. वर्गात आज त्या मोठ्या संख्येने आहेत, आणि तालुक्याच्या दवाखान्याला स्वच्छतागृह नसले तर ही सारी योजना कागदावरच राहील.

जागेचा एक पर्याय डोळ्यांसमोर आहे. मुंबईचे तबेले हलवायचे म्हणून आधी आरे वसाहत उभी राहिली, आणि पुढे त्याच हेतूने डहाणू-तलासरी भागात दापचरीचा दुग्ध प्रकल्प. आदिवासींच्या जमिनी त्यासाठी गेल्या, धरण झाले, गोठे बांधले गेले. मुंबईच्या म्हशी ठरल्याप्रमाणे काही तिथे आल्या नाहीत आणि आज प्रकल्प नावापुरता उरला आहे. त्या आवाराचे काय करायचे, याच्या कल्पना अधूनमधून निघत असतात. त्यातल्या एका इमारतीची डागडुजी करून वीस इंटर्न, एक शिक्षक आणि रक्त-शेण तपासण्याची छोटी प्रयोगशाळा बसवणे ही त्यातली सर्वांत स्वस्त कल्पना ठरावी. दापचरीहून मोखाडा लांब पडतो, तेव्हा जव्हारला दोन खोल्या भाड्याने घ्याव्या लागतील. एक जीपही लागेल, आणि तिच्या डिझेलचा खर्च विद्यापीठाने करायचा की जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने, हे पहिल्याच बैठकीत लिहून घेतलेले बरे.