ओट्यावरचे बेदाणे, कानामागची गोचीड

महाराष्ट्रात पाळीव कुत्र्याच्या आजारपणाचा विचार गोचिडीपासूनच सुरू करावा लागतो. इथल्या कुत्र्यांवर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड फक्त गवतात किंवा गोठ्यात असते, ही समजूत चुकीची आहे. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचे तिचे सारे आयुष्य चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही पार पडू शकते. अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या तिन्ही अवस्थांत ती एकेकदा रक्त पिते आणि दर वेळी पोट भरले की कुत्र्याच्या अंगावरून खाली उतरते. शेवटी उतरलेली मादी भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा सोफ्याच्या शिवणीत हजारांवर अंडी घालून मरते. कुत्र्याच्या अंगावरच्या सगळ्या गोचिडी वेचून काढल्या तरी पंधरा दिवसांनी नव्या दिसतात, त्याचे कारण हे आहे.

उपाय त्यामुळे दोन्हीकडे करावा लागतो. कुत्र्याला त्याच्या वजनाप्रमाणे पशुवैद्याने दिलेली गोळी किंवा मानेवर टाकायचे थेंब ठरलेल्या अंतराने आणि बारा महिने द्यावेत. आपल्याकडची थंडी गोचिडी संपवण्याइतकी कडक नसते, तेव्हा हिवाळ्यात औषध थांबवण्यात अर्थ नाही. त्याच काळात अंथरूण गरम पाण्यात धुणे, कोपरे झाडणे आणि भेगा बुजवणे चालू ठेवावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि बोटांनी चिरडू नये. रॉकेल चोळण्याचा जुना उपाय सोडूनच द्यावा. त्याने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. घरात मांजरही असेल तर थेंबांच्या पाकिटावरचे घटक आधी वाचावेत. कुत्र्यांना चालणारे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते.

गोचिडीची खरी भीती ती पिते त्या रक्ताची नसून ती सोडून जाते त्या जंतूंची असते. लोक ज्याला सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतात त्यात प्रामुख्याने दोन रोग येतात. एर्लिकिओसिसमध्ये ताप येतो, खाणे सुटते, प्लेटलेट घटतात. कधी नाकातून रक्त येते, कधी पोटावर बारीक लाल ठिपके उमटतात. बबेसिओसिसमध्ये तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी काळपट होते. रक्ततपासणी लवकर झाली तर दोन्हींवर औषधे आहेत. एर्लिकिओसिसच्या गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा जेवू लागला की बऱ्याच घरांत गोळ्या बंद होतात आणि दुखणे शरीरात दबा धरून राहते. उपचार फसण्याचे हे फार मोठे आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगे कारण आहे.

लसीकरणाबाबत लोक आता पुष्कळ सजग आहेत, पण पिल्लाला एकच लस पुन्हा पुन्हा का टोचतात हे फारसे कुणी विचारत नाही. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाचे रक्षण करते आणि त्याच वेळी लसही निष्प्रभ करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी मात्रा देतात. हा क्रम संपेपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात, इतर कुत्री फिरतात तिथे सोडू नये. रक्ताचे जुलाब करणारा पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि चपलेच्या तळव्यालाही लागून घरात येतो. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी. उंदरांच्या मुताने दूषित झालेले पावसाळी पाणी हे त्या रोगाचे मूळ असून तो माणसालाही होतो.

रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. पुढे दरवर्षी, न चुकता. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून जनावर वाचत नाही, माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. लसीने काय साधते हे शेजारच्या गोव्याने दाखवले आहे. तेथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी वर्षानुवर्षे कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण केले आणि २०२१ मध्ये ते देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य घोषित झाले. लस दिलेल्या पाळीव कुत्र्याला रस्त्यावरचा कुत्रा चावला तरी त्याला पुन्हा मात्रा द्याव्या लागतात. माणसाला चावा किंवा ओरखडा असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. चुना, हळद, तिखट यांतले काहीही जखमेत भरू नये.

स्वयंपाकघर हा मात्र प्रेमाचा प्रांत, म्हणून तिथला धोका कुणाला धोका वाटत नाही. द्राक्षे, बेदाणे आणि मनुके यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. किती खाल्ल्यावर होतील याचा अंदाज बांधता येत नाही; एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यातच दगावतो. संशय आता टार्टारिक आम्लावर आहे आणि ते चिंचेतही भरपूर असते. प्रसादाचा शिरा ‘एवढासाच’ म्हणून भरवला जातो, त्यात बेदाणे असतात हे ध्यानात येत नाही. कांदा-लसूण कच्चा असो, शिजवलेला असो वा मसाल्याच्या पुडीतला, तो तांबड्या पेशी मोडतो. परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे रस्सा-भाताशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. चॉकलेट जितके गडद तितके वाईट. बिनसाखरेच्या च्युइंगगममधले झायलिटॉल रक्तातली साखर तासाभरात खाली आणू शकते. शिजवलेली हाडे टोकदार तुकड्यांत फुटून आतडे फाडतात. मटणाच्या चरबीने किंवा तळणीने स्वादुपिंडाला सूज येते.

साध्या वरण-भाताने किंवा दूध-पोळीने कुत्र्याला विषबाधा होत नाही, पण केवळ त्यावर त्याचे पोषणही होत नाही. त्याला अंडी, चिकन, मासे यांतून पुरेशी प्रथिने लागतात. घरचे अन्नच द्यायचे असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्यावे. थोराड जातींच्या पिल्लांना हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचे सिरप पाजण्याची टूम तर निखालस घातक आहे. त्यांच्या शरीराला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही आणि हाडे वाकडी वाढतात. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी मनाने कधीही देऊ नये.

उन्हाळ्याचे गणित सोपे आहे. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकत अंग थंड ठेवतो. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. सायबेरियाच्या बर्फात घडलेली हस्की जात विदर्भात आणून पाळणे ही हौस माणसाची, हाल कुत्र्याचे! एप्रिल-मे महिन्यांत फिरणे उजाडताना किंवा दिवेलागणीनंतर उरकावे. डांबरावर उलटा तळहात पाच-सात सेकंद टेकवता आला नाही, तर त्याचे पंजेही भाजतात. उष्माघात झाला, म्हणजे कुत्रा लडखडू लागला, लाळ दाट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, तर आधी साध्या पाण्याने अंग भिजवून पंखा लावावा आणि मग दवाखान्यात न्यावे.

पावसाळ्यात बेडूक तोंडात धरायची खोड सांभाळावी लागते. भेकाच्या कातडीतल्या विषाने तोंडाला फेस येतो, झटके येतात. तोंड खालच्या बाजूला करून धुवावे, म्हणजे पाणी घशात जात नाही. उंदीर मारण्याचे औषध कुत्रा असलेल्या घरात ठेवूच नये. पोटात विष गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठावा. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत खिडक्या लावून, टीव्ही चालू ठेवून कुत्र्याला बसवावे आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला असू द्यावा. भेदरलेला कुत्रा उघड्या दारातून पळतो तो घरापासून दूर निघून जातो. गॅलरीच्या गजांतून त्याचे डोके आत-बाहेर होत असेल तर जाळी लावून घ्यावी. नसबंदी न केलेल्या मादीला माजानंतर काही आठवड्यांनी फार तहान लागू लागली, ती मलूल झाली किंवा स्राव दिसला, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते आणि शस्त्रक्रियेला उशीर परवडत नाही.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते, म्हणजे माणसाहून जास्तच. हात लावून ‘ताप आहे’ म्हणण्यात त्यामुळे अर्थ नसतो. थर्मामीटर गुदद्वारात लावूनच पाहावे. शांत झोपलेला कुत्रा मिनिटाला तीसहून कमी श्वास घेतो. हिरड्या गुलाबी, ओलसर असतात. आपल्या कुत्र्याचे हे आकडे तो धडधाकट असतानाच एका कागदावर लिहावेत, त्याखाली लसींच्या तारखा, वजन आणि रात्री उघड्या असणाऱ्या जवळच्या दवाखान्याचा नंबर लिहावा आणि कागद फ्रिजवर चिकटवावा. हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.