सुट्टीत एकदा लेखकाच्या घरी जाऊन या

सेमिस्टरची परीक्षा संपत आली की प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. कुठे जायचं? गोवा बजेटबाहेर जातं, लोणावळ्याच्या ट्रॅफिकचा वैताग येतो. मग कुणीतरी कोकणाचं नाव काढतं. गणपतीपुळे, दापोली, नाहीतर जवळपासचं एखादं कृषी पर्यटन केंद्र. दिवाळीपासून नाताळपर्यंत हा सीझन जोरात असतो. पॅकेजमध्ये बैलगाडीची चक्कर, चुलीवरचं जेवण, रात्री शेकोटी आणि कुठे कुठे तर चक्क रेन डान्सही असतो. दोन दिवस 'व्हिलेज लाइफ' जगायचं, चार रील टाकायच्या आणि रविवारी रात्री परत.

यात वाईट काहीच नाही. वर्षभर लोकलमध्ये चेंगरलेल्या, हॉस्टेलच्या खोलीत कोंडलेल्या माणसाला मोकळी हवा हवीच. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, तेही चांगलंच. पण या पॅकेजमध्ये दिसणारं गाव जरा नीट बघा. तिथे कुणावर कर्ज नसतं. कुणाचं जमिनीवरून भांडण नसतं. कुणी पोटासाठी गाव सोडून जात नाही. असं गाव महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. ते फक्त आपल्या विकेंडसाठी सजवलेलं असतं.

म्हणूनच या सुट्टीसाठी एक साधी सूचना. कोकणात जा, गावाकडे जा, मजा करा. फक्त त्या प्लॅनमध्ये एक थांबा वाढवा, एखाद्या लेखकाच्या घराचा.

गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर मालगुंड आहे? हे कृष्णाजी केशव दामले म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव. मराठीच्या पेपरात 'आधुनिक मराठी कवितेचे जनक' असं लिहून आपण दोन मार्क मिळवलेले असतात, तेच हे केशवसुत. त्यांचं घर तिथे जपलेलं आहे आणि शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेनं उभारलेलं स्मारक आहे. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. देवळासमोर दर्शनाच्या रांगेत जेवढा वेळ जातो, त्याहून कमी वेळात ते बघून होतं.

त्या घरात उभं राहिल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती त्याचा साधेपणा. समाजातल्या जुन्या रूढींवर तुटून पडणारा कवी अशा चारचौघांसारख्या घरातून आला. दुसरी गोष्ट घर सांगत नाही, ती आपल्याला माहीत करून घ्यावी लागते. केशवसुतांना या घरात फार राहता आलं नाही. शिक्षणासाठी आणि मग नोकरीसाठी ते सतत भटकत राहिले. पुणे झालं, मुंबई झाली, खानदेशात फैजपूरला मास्तरकी झाली, शेवटी धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगनं ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती. हयातीत त्यांच्या कवितांचा एकही संग्रह निघाला नाही. नोकरीसाठी घर सोडून कुठल्या तरी परक्या गावात राहणं, मनासारखं काम न मिळणं, आपण जे करतोय त्याला कुणी विचारेल की नाही याची खात्री नसणं, हे सगळं तुमच्या-माझ्या पिढीला चांगलंच ओळखीचं आहे. पाठ्यपुस्तकातला फोटोतला माणूस अचानक आपल्या वयाचा वाटू लागतो.

दापोलीला जाणाऱ्यांचंही तेच. हर्णै, मुरूड, कर्दे सगळ्यांना पाठ असतं. त्याच तालुक्यात पालगड आहे. २४ डिसेंबर १८९९ रोजी तिथे पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. साने गुरुजींचं हे जन्मघर जतन केलेलं आहे. 'श्यामची आई' म्हटलं की आपल्याला पाय पुसणारी आई आणि रडवणारा सिनेमा आठवतो. १९५३ सालच्या त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण पुस्तक पुन्हा उघडून बघा. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक जेवढं आईचं आहे, तेवढंच घराचं आणि कर्जाचंही आहे. एके काळी बरे दिवस पाहिलेलं कुटुंब हळूहळू सावकाराच्या विळख्यात सापडतं. वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून वाट्टेल ते बोलतो आणि आईच्या डोळ्यांदेखत घरावर जप्ती येते. पालगडला जाऊन हे आठवलं की कोकणातलं 'टुमदार कौलारू घर' फक्त फोटोची बॅकग्राउंड राहत नाही. एखादं घर टिकवायला एखाद्या बाईला काय काय सोसावं लागलं असेल, हे समजायला लागतं.

तिसरं घर कोकणात नाही, जळगावात आहे. बहिणाबाई चौधरींचं. १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्यात त्या जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिशीत वैधव्य आलं. शेतात राबल्या, मुलांना वाढवलं. अक्षरओळख नव्हती, पण जात्यावर बसल्या की ओव्या सुचत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपात आली. जुन्या जळगावातल्या त्यांच्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. आज त्याच शहरातल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं नाव हजारो पोरांच्या डिग्रीवर छापलं जातं. त्या डिग्रीवाल्यांपैकी किती जण तिचं घर बघून आलेत, हा प्रश्न त्यांनी आपापल्या मनाला विचारावा.

आता कुणी म्हणेल, लेखक भेटतो तो पुस्तकात. घरात काय बघायचं? चूल, उखळ, जुना कंदील? प्रश्न रास्त आहे. घर बघून कविता कळत नाही. न वाचता गेलात तर हाती फक्त एक जुनं घर लागेल आणि अर्ध्या तासात कंटाळा येईल. पण वाचून गेलात तर पुस्तकातल्या शब्दांना जागा मिळते. ओवी किती छोट्या खोलीत जन्मली, दिव्याच्या किती उजेडात माणूस लिहीत होता, सर्वात जवळचं बाजाराचं गाव किती लांब होतं, हे शरीराला कळतं. वर्गात प्रोजेक्टरवर ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. घर जपलं जातं ते ज्याला घर होतं त्याचं. अण्णा भाऊ साठ्यांचं काय? सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात १९२० साली ते जन्मले. शाळेत ते टिकू शकले नाहीत. लहानपणीच कुटुंबासोबत पायी चालत मुंबईला आले. पडेल ते काम केलं आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. वाटेगावात त्यांचं स्मारक आहे, तिथेही जायला हवं. पण अण्णा भाऊंचं खरं घर शोधायचं तर वाटेगाव ते मुंबई हा सगळा रस्ताच धरावा लागेल. लेखकांच्या घरांची यादी करताना कुणाची घरं उरली आणि कुणाची उरलीच नाहीत, हे बघणं हाही त्या सहलीचाच भाग आहे.

घरं उरतात ती आपोआप नाही. मैसुरूचं उदाहरण घ्या. 'मालगुडी डेज' लिहिणाऱ्या आर. के. नारायण यांचं यादवगिरीतलं घर २०११ मध्ये पाडायला सुरुवात झाली होती. बातमी आली, वाचक आणि लेखक ओरडले, काम थांबलं. पुढे त्याची डागडुजी झाली आणि २०१६ पासून ते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुलं झालं. चार दिवस उशिरा कुणी बोललं असतं तर आज तिथे अपार्टमेंट दिसलं असतं.

दुसरं उदाहरण जरा लांबचं, इंग्लंडमधलं. 'पीटर रॅबिट'ची गोष्ट लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनी पुस्तकांच्या पैशातून १९०५ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधलं 'हिल टॉप' नावाचं शेतघर विकत घेतलं. पुढे त्या गावात नुसत्या हवापालटाला आल्या नाहीत, तिथल्याच होऊन गेल्या. मेंढ्या पाळल्या, शेतं घेत गेल्या. १९४३ मध्ये त्या वारल्या तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली होती. अट साधारण अशी, की शेतं शेतंच राहावीत आणि मेंढ्या चरत राहाव्यात. आज 'हिल टॉप' बघायला जगभरातून लोक जातात. घर लहान आहे म्हणून ठरलेल्या वेळेला मोजक्याच माणसांना आत सोडतात. म्हणजे तिथे लेखिकेच्या घरासोबत आजूबाजूचा गावही वाचला. आपल्याकडे लेखकाचं घर वाचवतानाही नाकी नऊ येतात आणि घराबाहेर पाऊल टाकलं की प्लॉटिंगचे बोर्ड दिसतात.

अर्थात आपल्याकडे काहीच होत नाही, असं नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचं भिलार २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालंय. तिथे गावकऱ्यांच्या घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत. ओटीवर बसा, वाचा, कुणी हटकत नाही. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांनी तासभर तिथे बसून बघावं. गावातली सुट्टी कशी असू शकते याचा तो चांगला नमुना आहे.

पण सगळा भार सरकारवर आणि साहित्य संस्थांवर टाकून चालणार नाही. कॉलेजं काय करतात? वाङ्मय मंडळाचं उद्घाटन होतं, पाहुण्यांचं भाषण होतं, शाल-श्रीफळ होतं, विषय संपतो. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावात होतंच. ते एखाद्या वर्षी लेखकाच्या गावात का होऊ नये? सकाळी गावाची कामं, दुपारी त्या घराची साफसफाई, जुन्या फोटोंचं स्कॅनिंग, माहितीफलक नीट लिहिणं, संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करणं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. ते मिळवायला नेटवरून रिपोर्ट कॉपी करण्यापेक्षा हे किती तरी बरं. आयटीवाल्यांनी एखाद्या स्मारकाचं ऑडिओ गाइड करून द्यावं. आर्किटेक्चरवाल्यांनी घराची मापं घेऊन ड्रॉइंग करून ठेवावीत, म्हणजे उद्या भिंत पडली तरी ती कशी होती हे कळेल.

आणि तोवर आपल्या हातात आहेत अशा तीन गोष्टी. निघण्याआधी त्या लेखकाचं निदान एक पुस्तक वाचा. सगळं नाही जमलं तर दोन कविता, एखादी कथा. तिथे पोचलात की आधी सांभाळणाऱ्या माणसाशी बोला. घराची खरी माहिती फलकावर नसते, त्याच्याकडे असते. आणि येताना अभिप्राय वहीत नाव-गाव लिहा. वर्षाला किती माणसं येतात, हे आकडे दाखवूनच या संस्थांना निधीसाठी झगडावं लागतं. तुमची एक ओळ तिथे कामाला येते. रील टाकायचीच असेल तर तीही टाका, पण त्यात पत्ता आणि वेळ द्या, म्हणजे दुसरे चार जण जातील.

शेवटचं घर तुमचंच आहे. तुमच्यापैकी बहुतेकांचं कुठे ना कुठे गाव आहे आणि तिथे एक कुलूपबंद घर आहे. आजी गेल्यापासून बंद, किंवा काकांशी वाद म्हणून बंद. तिथे कुणी प्रसिद्ध लेखक जन्मला नसेल. पण कुणी ओव्या म्हणत असेल, कुणी हिशेबाच्या वहीत काहीबाही लिहीत असेल, मुंबईच्या गिरणीतून कुणाची पत्रं येत असतील. बहिणाबाईंची गाणी टिकली, कारण घरातल्या कुणीतरी ती लिहून ठेवली. या दिवाळीत फराळ झाल्यावर आजी-आजोबांजवळ फोन रेकॉर्डिंगवर ठेवून बसा आणि विचारा, की आपलं ते घर कसं होतं. पुढच्या दिवाळीत विचारायला ती माणसं असतीलच, असं नाही.