अठराव्या वर्षी निकाल नको

जून १९८० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये कॅलिफोर्नियातली हायस्कूलची दोन पोरं निवडली. पहिल्या क्रमांकावर लॉस एंजेलिसचा डॅरिल स्ट्रॉबेरी, तेविसाव्या क्रमांकावर सॅन डिएगोचा बिली बीन. दोघेही उंचपुरे, आणि दोघांची अंगकाठी पाहून खेळाडू हेरणारे स्काउट हरखून गेलेले. पुढे मेजर लीगमध्ये स्ट्रॉबेरीने ३३५ होमरन मारले. बीनने १४८ सामन्यांत ३.

हाच बीन पुढे ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा सूत्रधार झाला आणि हायस्कूलच्या पोरांपासून चार हात दूर राहू लागला. २००२ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंडच्या वाट्याला पहिल्या फेरीच्या सात निवडी आल्या आणि सातही खेळाडू कॉलेजचे निघाले. या विचाराला बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ बिल जेम्सच्या १९८० च्या दशकातल्या आकडेमोडीचा आधार होता, आणि मायकल लुईसच्या ‘मनीबॉल’ या पुस्तकाने २००३ मध्ये तो घरोघरी पोहोचवला.

या पक्षाचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. हायस्कूलमध्ये गाठ पडते ती कच्च्या पिचरांशी. हातात धातूची बॅट असते. चेंडू मुठीजवळ लागला तरी ती साथ देते, व्यावसायिक खेळातली लाकडी बॅट तिथेच मोडते. सतरा वर्षांचं शरीर पुढे कोणतं वळण घेईल हे सांगता येत नाही. त्यातून पोरगा लांब फटके मारणारा असेल तर स्ट्राइकआउटही ढीगभर, म्हणजे चेंडू मैदानात न मारताच परतायचं, आणि वरच्या पायरीवर हे वाढत जाणार. मग तीन वर्षांचा हिशेब समोर असलेला एकवीस वर्षांचा कॉलेजकुमार का घेऊ नये?

यातला बराच भाग खरा आहे. अ‍ॅरन जजला २०१० मध्ये हायस्कूलमधून थेट एकतिसाव्या फेरीत निवडलं गेलं. त्याने करार नाकारला, फ्रेस्नो स्टेटमध्ये तीन वर्षं काढली आणि २०१३ मध्ये तो यांकीजचा पहिल्या फेरीचा खेळाडू झाला. कॉलेजमुळे चित्र स्पष्ट होतं, यात वाद नाही.

वाद आहे तो यातून काढलेल्या निष्कर्षाशी. हायस्कूल हेच अपयशाचं कारण असेल तर एकाच वर्षी, एकाच राज्यातून, एकाच संघात आलेल्या स्ट्रॉबेरी आणि बीनच्या वाटा इतक्या वेगळ्या कशा झाल्या? बीनला अपयश पचवणं किती जड गेलं, हे ‘मनीबॉल’मध्येच सविस्तर आलं आहे. ती एका माणसाची गोष्ट आहे. तिच्यावरून हजारो पोरांना नियम लावता येत नाही. २००२ मध्येच मिलवॉकीने फ्लोरिडाच्या एका हायस्कूलमधून प्रिन्स फिल्डरला सातव्या क्रमांकावर घेतलं. जाडजूड देहाचा पोरगा म्हणून त्याच्याबद्दल शंका काढणारे कमी नव्हते. २००७ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने ५० होमरन मारले. इतक्या कमी वयात हा टप्पा त्याआधी कोणीही गाठला नव्हता. ओकलंडच्या त्या सातांपैकी निक स्विशरही उत्तम निघाला, पण जेरेमी ब्राउन मेजर लीगमध्ये जेमतेम ५ सामने खेळला. कॉलेजचा शिक्काही हमी देत नाही.

आता स्ट्राइकआउटची भीती. त्यासाठी हायस्कूलमधून थेट आलेल्या दोघांचे, साउथ अटलांटिक लीग या मायनर लीगमधले दोन हंगाम शेजारी ठेवावेत. २००८ मध्ये ग्रीन्सबरोकडून जियानकार्लो स्टँटनने (तेव्हा तो माइक स्टँटन म्हणून खेळे) ३९ होमरन मारले आणि तो १५३ वेळा स्ट्राइकआउट झाला. २०१३ मध्ये हिकरीकडून जोई गॅलोने ३८ होमरन मारले आणि तो १६५ वेळा स्ट्राइकआउट झाला. वरवर पाहता जुळे भाऊ. पण स्टँटन १२५ सामने खेळला, गॅलो १०६. दर शंभर पाळ्यांमागे स्टँटनचे स्ट्राइकआउट साधारण २८, गॅलोचे ३७. स्टँटन अठरा वर्षांचा होता, गॅलो एकोणीस. नुसती बेरीज पाहणाऱ्याच्या नजरेतून नेमका हाच फरक निसटतो.

पारख करायची ती इथे. साडेसाठ फुटांवरून ताशी नव्वद मैलांनी सुटलेला चेंडू ०.४ सेकंदात अंगावर येतो. स्लायडर नावाचा वळणारा चेंडू अर्ध्या वाटेपर्यंत अगदी तसाच दिसतो आणि शेवटच्या क्षणी बाहेर, खाली निसटतो. पोरगा त्यावर बॅट फिरवतो आणि हवेला लागते. असं एकदा होणं हा गुन्हा नव्हे. तिसऱ्या पाळीत तोच चेंडू आल्यावर त्याचे खांदे थांबतात का, बॅट मागे राहते का, हे पाहायला हवं. ते वहीत टिपणारा स्काउट सरावातले लांबलचक फटके मोजणाऱ्यापेक्षा खूप पुढचं पाहतो.

दुसरी गोष्ट वयाची. एकाच वर्गात एक पोरगा साडेसतरा वर्षांचा असतो, दुसरा एकोणिसाला टेकलेला. बेसबॉलचा अभ्यासक रॅनी जझायरलीने २०११ मध्ये जुने ड्राफ्ट तपासून दाखवलं की हायस्कूलच्या फलंदाजांत वयाने लहान असलेले पुढे अपेक्षेपेक्षा जास्त देऊन जातात. २००९ मध्ये पंचविसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला माइक ट्राउट तेव्हा सतराच वर्षांचा होता.

गॅलोलाही फुकट गेलेला म्हणणं अन्यायाचं आहे. मेजर लीगमध्ये सलग दोन हंगामांत त्याने ४१ आणि ४० होमरन मारले आणि क्षेत्ररक्षणासाठी दोनदा गोल्ड ग्लव्ह मिळवला. स्ट्राइकआउट मात्र त्याला कायम चिकटून राहिले. म्हणूनच ते किती आहेत यापेक्षा वरच्या पायरीवर काय होतं, ते अधिक सांगून जातं.

स्टँटन २००९ मध्ये जॅक्सनव्हिलला, मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली पोहोचला आणि अडखळला. ७९ सामन्यांत ९९ स्ट्राइकआउट, सरासरी .२३१. पूर्वपक्षाला हवा होता तो पुरावा हाच. पण २०१० मध्ये तो त्याच गावी, त्याच पायरीवर परतला आणि ५३ सामन्यांत त्याने २१ होमरन मारले. या वेळी स्ट्राइकआउट ५३ झाले, आणि वाईट चेंडू सोडून मिळवलेले वॉक ४४. ८ जूनला तो फ्लोरिडा मार्लिन्सकडून फिलाडेल्फियात मेजर लीगचा पहिला सामना खेळला. वय २० वर्षं ७ महिने. त्याच आठवड्यात त्या वर्षीचा ड्राफ्ट चालू होता. स्टँटनबरोबरच हायस्कूल संपवून, पण कॉलेजात गेलेले खेळाडू त्यात आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट पाहत होते, आणि एकतिसाव्या फेरीत लिंडन हायस्कूलच्या अ‍ॅरन जजचं नाव आलं.