विश्लेषण : समुद्राला सातबारा नाही, मग वाढवणच्या मच्छीमारांचे नुकसान कशावर मोजणार?

पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. बंदर समुद्रात भराव टाकून होणार असल्याने एकही गाव उठणार नाही, असे सरकारचे म्हणणे. मग डहाणूपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर एवढा विरोध का, हा प्रश्न मुंबई-पुण्यातल्या अनेकांना पडतो. त्याचे उत्तर बरेचसे महसुली कागदांत दडलेले आहे.

बंदर केवढे आणि कुठे?

खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. त्यासाठी १,४४८ हेक्टर समुद्र बुजवला जाणार आहे आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध उभा राहणार आहे. वाढवणसमोर समुद्राला जवळपास २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, त्यामुळे जगातली सर्वात मोठी कंटेनर जहाजे इथे थेट लागू शकतील. न्हावा-शेव्याला ती खोली नाही. बंदर इथेच का, याचे हे खरे कारण आहे आणि ते खोटे म्हणता येत नाही.

१९९८ मध्ये ‘नाही’, २०२३ मध्ये ‘हो’, हे कसे?

केंद्राने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भागासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास राज्याने एका परदेशी कंपनीकडून वाढवणला बंदर बांधून घेण्याचे ठरवले होते. धर्माधिकारी प्राधिकरणाने १९९८ मध्ये ते साफ नाकारले.

बंदराचा विषय २०१५ च्या सुमारास पुन्हा वर आला. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून बाहेर काढले. डहाणूच्या अधिसूचनेत बंधने आहेत ती उद्योगांवर. बंदर उद्योगच नाही म्हटल्यावर अडसर उरला तो प्राधिकरणाच्या संमतीचा. नव्याने रचना झालेल्या प्राधिकरणाने जुलै २०२३ च्या अखेरीस अटींसह ती दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पर्यावरण मंजुरी आली, एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

वाढवणचा समुद्र १९९८ मध्ये जिथे होता तिथेच आहे. बदलली ती कागदावरची वर्गवारी. किनाऱ्यावरचा राग समजून घ्यायचा तर ही गोष्ट विसरून चालणार नाही.

गाव उठत नाही, मग बाधित कोण?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ ही व्याख्या बरीच उदार आहे. जमीनमालकांबरोबर शेतमजूर, कुळे, जंगल वा पाणवठ्यावर पोट असलेली कुटुंबे, इतकेच काय, मच्छीमार आणि नावाडी यांचाही तीत उल्लेख आहे. पण अट अशी, की ही उपजीविका ‘भूसंपादनामुळे’ बुडालेली असावी. समुद्रात भराव टाकताना भूसंपादन होतच नाही. समुद्र कोणाच्या नावावर नसतो, त्यामुळे तो कोणाकडून घ्यावाही लागत नाही. कायद्यात मच्छीमाराचे नाव आहे, पण तिथवर पोहोचायची वाट जमिनीवरून जाते.

बंदराला महामार्गाशी जोडणाऱ्या रस्त्यासाठी मात्र जमीन लागते. तिथल्या शेतकऱ्याला नोटीस येते, मोजणी होते, दर ठरतो. तो दर कमी वाटला तर भांडायला सातबारा हातात असतो. त्याच प्रकल्पात, तिथून काही किलोमीटरवर, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्याकडे दाखवायला असतो तो बोटीचा परवाना. बोट कुठे जाळे टाकते, हे त्यावर लिहिलेले नसते.

समुद्रात खरेच कोणाची जागा नसते?

असते. डोल जाळे म्हणजे लांबलचक पिशवी. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ती बांधतात, भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून. बोंबील, करंदी, जवळा मुख्यतः यातच येतो. ही जाळी बांधण्याच्या जागेला ‘कव’ म्हणतात. कोणत्या गावाची कव कुठे, हे किनाऱ्यावर ठाऊक असते आणि ती मोडली की भांडणे होतात. सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार यांच्यातला कवींचा वाद जुना आहे आणि सरकारी बैठकांपर्यंत गेलेला आहे. म्हणजे समुद्रातल्या जागांवर हक्क आहेत, हे भांडण मिटवायला बसलेल्या सरकारला माहीत आहे. भरपाईची वेळ आली की मात्र तोच समुद्र मोकळा ठरतो.

जंगलाबाबत ही विसंगती २००६ मध्ये दूर झाली. वनहक्क कायद्याने कागद नसलेल्या वहिवाटीला, गावाच्या सामूहिक हक्काला मान्यता दिली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला त्यातूनच आपले जंगल मिळाले. समुद्रासाठी असा कायदा नाही.

मोजणीतून कोण सुटते?

परवाना बोटीच्या मालकाचा. बोटीवरचा खलाशी बहुतेक वेळा डहाणू-तलासरीकडचा आदिवासी, हंगामापुरता आलेला. पकड उतरली की बोंबील वलांडीवर वाळत घालणारी, पहाटे टोपली घेऊन बाजार गाठणारी बाई ही बहुधा मालकाच्या घरातली किंवा शेजारची. तिची नोंद कुठेच नाही. सुक्या मासळीचा सगळा धंदा बायकांच्या हातचा आहे. बोटीमागे भरपाई दिली तर पैसा परवानाधारकाकडे जाईल आणि या दोघांचा रोजगार हिशेबात येणार नाही.

माशांचेही तसेच. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातील एका बोटीला एकाच फेरीत १५७ घोळ मिळाले आणि ते सव्वा कोटीहून अधिक रुपयांना विकले गेले. अशी लॉटरी रोज लागत नाही, पण हा समुद्र नापीक नाही एवढे त्यावरून कळते. सरासरी पकडीवर ठरलेल्या भरपाईत असे वर्ष धरायचे की नाही, हा वाद उद्या होणारच.

आधीचा अनुभव काय?

न्हावा-शेवा बंदरासाठी १९८० च्या दशकात शेवा कोळीवाडा उठवला गेला. उरणजवळ वसवलेल्या हनुमान कोळीवाड्यातील घरे वाळवीने पोखरली आणि चांगल्या जागी फेरपुनर्वसन करा ही मागणी ग्रामस्थ काही दशके करत राहिले. त्याच परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला. तोही मच्छीमारांनी स्वतः दार ठोठावल्यावर, आणि त्यालाही आव्हान दिले गेले. वाढवणचा मोठा भागीदार तेच बंदर प्राधिकरण आहे. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे वाक्य डहाणूत का चालत नाही, हे यावरून समजावे.

ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याला प्रकल्पबाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आखायला सांगितले. हे पाऊल योग्य होते. पण भरपाई धोरण म्हणजे हक्क नव्हे. धोरण सरकार ठरवते आणि बदलतेही.

किनाऱ्यावर तरी एकमत आहे का?

पूर्ण नाही, आणि तसे भासवण्यात अर्थ नाही. सरकार सुमारे १० लाख प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगारांची भाषा करते. मासेमारीत मन न रमणाऱ्या, शिकलेल्या मुलांना हा आकडा खुणावतो. चिंचणी-वरोरचे डाय बनवणारे कारागीर आणि घोलवडचे चिकू बागायतदार यांची काळजी मच्छीमारांपेक्षा वेगळी आहे. पक्षांचे तर विचारूच नये. सत्तेबाहेर असताना बंदर हटवा म्हणायचे आणि सत्तेत आल्यावर अभ्यास करू म्हणायचे, ही रीत इथे बहुतेकांनी पाळली आहे. त्यामुळे विरोधाचे ओझे कृती समिती आणि मच्छीमार संघटनांवरच राहिले.

आता काय करता येईल?

बंदर व्हावे की नाही याचा अंतिम निर्णय न्यायालयात होईल. पण कवींची नोंद करायला त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. मत्स्यव्यवसाय विभाग, मच्छीमार सहकारी सोसायट्या आणि गावातील जाणती माणसे यांनी एकत्र बोटीतून जाऊन प्रत्येक गावाच्या कवी जीपीएसवर टिपाव्यात. सोसायट्यांकडे डिझेल आणि मासळीविक्रीचे हिशेब आहेत, ते जोडावेत. खलाशी आणि मासळी वाळवणाऱ्या-विकणाऱ्या बायकांची स्वतंत्र यादी त्यांच्याच नावाने व्हावी आणि ती गावात वाचून दाखवावी. यात खर्च फार नाही. खलाशांच्या नोंदीसाठी पावसाळी बंदीनंतरचा एखादा हंगाम लागेल.

हे सगळे भराव पडण्याआधी व्हायला हवे. बांध उभा राहिला की प्रवाहाची दिशा बदलते, गाळ दुसरीकडे बसतो आणि जिथे खुंट रोवला होता ती जागा अधिकाऱ्याला बोटीतून नेऊन दाखवताही येत नाही.