नकार म्हणजे भाव खाणे नव्हे

जून महिन्यात शाळा-महाविद्यालये उघडली, की नवापूरसारख्या तालुक्याच्या गावी एक जुनी तक्रार नव्याने ऐकू येऊ लागते. खेड्यापाड्यांतून एस.टी.ने येणारी मुले-मुली बसस्थानकावर घोळक्याने उभी राहतात, हसतात, एकमेकांची थट्टा करतात. आणि हे पाहणारी वडीलधारी मंडळी ‘पोरे बिघडली’ असा निकाल देऊन मोकळी होतात. त्याच घोळक्यातली एखादी मुलगी महिनाभर आपली नेहमीची बस सोडून देत असते, कारण त्या बसमध्ये एक ठरावीक मुलगा असतो. तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. निर्व्याज थट्टा आणि छळ या दोहोंना एकाच मापाने मोजण्याची सवय आपल्याला जडली आहे, आणि तिचा पहिला परिणाम असा, की छळ थट्टेच्या आड दडून राहतो.

वस्तुतः या मधल्या प्रदेशाला शिष्ट मराठीत नावच नाही. एका टोकाला ‘प्रणयाराधन’ हा नाटक-कादंबऱ्यांतला शब्द. दुसऱ्या टोकाला ‘छेडछाड’ आणि ‘विनयभंग’ हे पोलीस ठाण्यातले शब्द. वहीच्या निमित्ताने बोलणे काढणे, हसून उत्तर देणे, समोरच्याला आपल्याविषयी ओढ आहे काय हे अंदाजाने चाचपून पाहणे, हे सारे या दोन टोकांच्या मध्ये घडते. हल्ली मुलांच्या तोंडी त्यासाठी ‘फ्लर्टिंग’ हा शब्द असतो. परंतु तो येण्यापूर्वीच त्यांनी आपली स्वतंत्र परिभाषा घडविली होती. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील नववीची मुले आणीबाणीच्या काळातली आहेत, आणि त्यांच्या बोलण्यातही ‘लाइन’ आहेच.

या परिभाषेकडे नाक मुरडण्यापेक्षा ती नीट ऐकावी. मुले ‘लाइन मारणे’ आणि ‘लाइन देणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे वापरतात. एकाने मारली म्हणजे दुसऱ्याने दिलीच असे नव्हे, हे त्या व्याकरणातच गृहीत आहे. म्हणजे या गोष्टीला दोन माणसांची मर्जी लागते, हे किशोरवयीनांना कळत नाही असे म्हणता येणार नाही. घोटाळा पुढे होतो. ती ‘देते’ की नाही, याचा निर्णय तिला न विचारता मुलगा आणि त्याचे मित्रच करून टाकतात. ती हसली, तिने वळून पाहिले, गणिताची वही दिली, एवढा पुरावा त्यांना पुरतो. बसमध्ये मैत्रिणीच्या बोलण्यावर आलेले हसूही मग कोणाच्या तरी खात्यावर जमा होते.

आणि तिने स्पष्ट नाही म्हटले तर? त्यासाठी तिसरे क्रियापद तयार असते : ‘भाव खाते’. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा शब्द विशेष खटकतो. आठवड्याच्या बाजारात विक्रेता पहिल्या मागणीला नाही म्हणतो तेव्हा तो नकार नसतो. घासाघिशीचा आरंभ असतो. गिऱ्हाईक चार पावले पुढे गेले, की त्याला मागे बोलावले जाते. ‘भाव खाते’ म्हणणारा मुलगा मुलीच्या नकाराला हाच नियम लावतो. तिचे ‘नाही’ हा त्याच्या लेखी अंतिम शब्द नसून चढा दर असतो, आणि चिकाटी धरली तर तो उतरेल असा त्याचा हिशेब असतो. नायकाने नायिकेचा पाठलाग करावा आणि शेवटी तिने मान तुकवावी, हा आपल्या चित्रपटांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा साचा त्याला हाच हिशेब शिकवीत आला आहे. तथापि बाजारातला व्यवहारसुद्धा न्याय्य ठरतो तो दोन्ही पक्षांना पाठ फिरवून निघून जाण्याची मुभा असते म्हणून. ज्या मुलीला रोज त्याच रस्त्याने, त्याच बसने, त्याच वर्गात जावे लागते, तिला ही मुभा कोठे आहे?

बाजाराचा विषय निघाला म्हणून एका गैरसमजाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात आणि पलीकडे मध्य प्रदेशात, होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. शहरी वृत्तपत्रांनी त्यांचे वर्णन ‘प्रणयाचा उत्सव’ असे रंगविले : मुलाने मुलीला गुलाल लावायचा, तिनेही लावला तर होकार. हा होळीच्या खरेदीचा आणि गाठीभेटींचा बाजार आहे, जोडीदार निवडण्याचा मेळा नव्हे, असे आदिवासी संघटना आणि तेथील शिकलेले तरुण वारंवार सांगत आले आहेत. आपल्या रंजनासाठी दुसऱ्या समाजाच्या हसण्या-नाचण्याचा असा अर्थ लावणे हीसुद्धा एका परीने ‘ती लाइन देते’ म्हणण्याचीच जात आहे. गंमत अशी, की या रंगविलेल्या वर्णनातसुद्धा शेवटचा शब्द मुलीचाच राहतो. तो तेवढा पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

आपल्या शाळांनी मुलींना नकाराचे कोणते साधन दिले, असा प्रश्न केला तर उत्तर काहीसे हास्यास्पद आहे : राखी. त्रास देणाऱ्या मुलाला राखी बांधावी, हा तोडगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या दिवशी काही मुले शाळा बुडवितात, हेही सर्वांना ठाऊक आहे. उपाय निरुपद्रवी दिसतो, परंतु त्याचा अर्थ गंभीर आहे. मुलीचे साधे ‘नको’ पुरेसे नाही. ते मान्य व्हायचे तर तिने त्या मुलाला भाऊ मानले पाहिजे, असा तो अर्थ होय.

कायद्याने मात्र या बाबतीत समाजापेक्षा अधिक नेमकेपणा दाखविला आहे. २०१३ साली भारतीय दंड संहितेत पाठलागाचा गुन्हा ३५४-ड या कलमाने घालण्यात आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे ७८ वे कलम त्याच्या जागी आले. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दर्शविल्यानंतरही वारंवार तिच्या मागे जाणे किंवा संपर्क साधणे, हा या गुन्ह्याचा गाभा आहे. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाईलवरून आणि इंटरनेटवरून ठेवलेली पाळतही यात येते. लैंगिक हेतूने बालकाचा असा पिच्छा पुरविणे २०१२ च्या पोक्सो कायद्यानेही दंडनीय आहे. म्हणजे सीमारेषा पहिल्या बोलण्यापाशी नाही. ती नकारापाशी आहे. अर्थात अंगाला हात लावणे किंवा अश्लील शेरा मारणे हे नकाराची वाट न पाहताच गुन्हे ठरतात.

याच पोक्सो कायद्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. त्याने संमतीचे वय अठरा ठरविले. परिणामी सोळा-सतरा वर्षांच्या दोघांचे परस्परसंमतीचे प्रेमही, पालकांच्या फिर्यादीवरून, गुन्ह्याच्या सदरात जाऊ शकते. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात हे वय कमी करू नये असे सांगितले. मात्र सोळा ते अठरा या वयातील अशा प्रकरणांत न्यायालयाला विवेकाधिकार असावा, अशी शिफारस केली. तेव्हा मुलांना ‘कायदा आहे’ एवढे सांगून भागत नाही. तो काय म्हणतो तेही सांगावे लागते.

नकार पचवता न येण्याचे टोक महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला परीक्षा केंद्रातच जाळण्यात आले. २०२० साली हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकण्यात आले. बसस्थानकावर थट्टा करणारा प्रत्येक मुलगा त्या वाटेवर आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ‘तिचे नाही हे तिचे नव्हेच’ ही समजूत दोन्हीकडे सारखी असते, आणि ती सुधारण्याची वेळ शाळेत असते, न्यायालयात नव्हे.

यातला खर्च कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. मुलीने घरी सांगितले तर मुलाला समज मिळते आणि मुलीची शाळा सुटते. पुढे तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा प्रवास मोफत आहे. सरकारने प्रवासभाडे वाचविले. पण तक्रारीची किंमत शिक्षण हीच असेल तर शहाणी मुलगी गप्प बसणे पसंत करील. ही गणना तिने चुकीची केली असे कोणीही म्हणू शकणार नाही. मुलीची तक्रार तिला स्वस्तात पडली पाहिजे, हे खरे काम आहे.

त्यासाठी वेगळे जिने, वेगळे बाक आणि बोलण्यास बंदी हे मार्ग उपयोगाचे नाहीत. जे बोलणेच निषिद्ध आहे त्यातले योग्य-अयोग्य कोण कोणाला विचारणार? र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि खटले सोसून १९५३ पर्यंत चालविले. त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षणाला बंदी करण्यात आली, हे भूषणावह नाही. आज साधने आहेत : शाळांसाठी २०२२ साली ठरविलेल्या सखी सावित्री समित्या, महाविद्यालयांत २०१५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार असावयाच्या अंतर्गत समित्या. त्यांच्या सदस्यांची नावे मुलींना तोंडपाठ हवीत आणि तक्रार घरी कळविण्यापूर्वी मुलीला विचारले गेले पाहिजे.

राहिले शिक्षकांचे काम. सत्राच्या पहिल्या आठवड्यात एक तास पुरे आहे. कोणाविषयी ओढ वाटणे हा गुन्हा नाही. एकदा, सभ्यपणे, एकट्याने विचारावे, मित्रांची फौज पाठीशी उभी करून नव्हे. उत्तर नाही आले तर विषय संपला. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. आणि चेष्टा मुलीने मुलाची केली तरी नियम हाच. मुलांना हे समजणे अवघड नाही. नकार मिळालेल्या मुलाची वर्गात टर उडणार नाही, एवढे मात्र शिक्षकांनी पाहावे. कारण पुष्कळदा त्याला मुलीच्या नकारापेक्षा मित्रांच्या हसण्याचीच भीती अधिक वाटत असते.