कॉलेजला पाठवायचं की अजून थांबायचं? दोन राज्यांच्या नियमांत अडकलेला सीमाभागातला पालक

बेळगाव, डिसेंबर २०२१

दिवाळी होऊन महिना झाला. पोरांच्या बॅगा भरल्या, हॉस्टेलच्या फीचा पहिला हप्ता गेला आणि पुन्हा तोच प्रश्न घराघरांत येऊन बसला: "पाठवायचं की नको ओ?" गेल्या वर्षी हा प्रश्न सोपा होता, कारण बरीच कॉलेजं बंदच होती. आता कॉलेजं उघडी आहेत, वर्ग भरतायत, परीक्षाही होणार म्हणतात. निर्णय मात्र पालकांच्या गळ्यात पडलाय.

त्यात दहा दिवसांत चित्र पालटलं. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना विषाणूच्या नव्या प्रकाराला 'ओमायक्रॉन' नाव दिलं. २ डिसेंबरला देशातले पहिले दोन रुग्ण आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूत सापडल्याचं जाहीर झालं. त्यातल्या एकाने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. दोन दिवसांत डोंबिवलीतही रुग्ण निघाला. या विषाणूचा ताप किती, त्याने माणूस किती गंभीर होतो, हे डॉक्टरही अजून ठामपणे सांगत नाहीत. सरकारांनी मात्र वाट न बघता नियम काढले. सीमाभागातल्या पालकाची अडचण विषाणूइतकीच या नियमांची आहे.

कोणत्या राज्याचं काय म्हणणं?

आधी नियम नीट समजून घेऊ. बेंगळुरू किंवा पुण्यातल्या पालकाला एकाच राज्याचं परिपत्रक वाचून भागतं. आपल्याला दोन वाचावी लागतात, आणि गोव्यात पोर असेल तर तीन.

कर्नाटकाने पदवी कॉलेजं २६ जुलैला उघडली. अट होती लशीच्या किमान एका डोसची. महाराष्ट्राने २० ऑक्टोबरला उघडली, पण अट घातली दोन डोसची. म्हणजे एकाच गल्लीतली, एकाच वयाची दोन पोरं. एक बेळगावच्या कॉलेजात जुलैपासून बसतोय, दुसरा कोल्हापूरच्या कॉलेजसाठी दुसऱ्या डोसची वाट बघत घरात.

प्रवासाचं उलटं आहे. महाराष्ट्राच्या २७ नोव्हेंबरच्या आदेशाप्रमाणे बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याचे दोन डोस झालेले असतील तर पुरे. नसतील तर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागतो. कर्नाटकाने मात्र ३१ जुलैच्या परिपत्रकातच सांगून टाकलं होतं, की महाराष्ट्र आणि केरळमधून येणाऱ्याने डोस घेतले असले तरी अहवाल दाखवायचा. नोव्हेंबरच्या शेवटी ही कडकपणाची भाषा परत आली. कोगनोळी, बाची, कणकुंबी ही नावं पुन्हा बातम्यांत दिसू लागली ती त्यामुळेच.

थोडक्यात, महाराष्ट्र कॉलेजच्या दारात कडक आणि नाक्यावर सैल, तर कर्नाटक नाक्यावर कडक आणि कॉलेजच्या दारात सैल. दोन्ही राज्यांशी संबंध असलेल्या घराच्या वाट्याला दोन्हीकडचा कडकपणा येतो.

एक घर डोळ्यासमोर आणा

शिनोळीच्या आसपासचं एखादं घर घ्या. गाव चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव मात्र पंधरा-वीस किलोमीटरवर. साहजिकच मुलगी बेळगावात पीयूसीला. मोठा मुलगा कोल्हापुरात पदवीला. घरात सत्तरीची आजी, तिला मधुमेह. वडलांची थोडी शेती आणि उद्यमबागेत नोकरी.

मुलगी रोज राज्याची हद्द ओलांडते. जून-जुलैच्या परिपत्रकांत रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दर १५ दिवसांनी चाचणीची सोय ठेवली होती. कागदावर ही सवलत. प्रत्यक्षात महिन्याला दोन चाचण्या. सरकारी केंद्रात फुकट होते, पण त्यासाठी रांग आणि एक दिवस मोडतो. खासगी लॅबमध्ये जायचं तर महाराष्ट्रातला दर ५०० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. बसपासाहून जास्त पैसे नाकातल्या काडीला!

मुलाचा हिशेब वेगळा. त्याने समजा १० सप्टेंबरला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, म्हणजे दुसरा ३ डिसेंबरच्या आधी मिळतच नाही. त्यानंतर चौदा दिवस गेल्यावर तो 'पूर्ण लसीकृत' धरला जाणार. म्हणजे १७ डिसेंबर उजाडला. कॉलेज सुरू झाल्यापासून जवळपास दोन महिने त्याची काही चूक नसताना गेले. कोव्हॅक्सिन घेतलेल्या मित्राला हेच अंतर २८ दिवसांचं, तो कधीच जाऊन बसलाय. तेव्हा केंद्रावर जी लस आली ती घेतली. ती निवडायची सोय किती जणांना होती?

पीयूसीच्या पोरांना कोण विचारतं?

या गोंधळात सर्वांत कमी चर्चा होते ती अकरावी-बारावीच्या, म्हणजे पीयूसीच्या मुलांची. वय सोळा-सतरा. आपल्याकडे लस आहे ती १८ वर्षांवरच्यांना. म्हणजे ही मुलं कॉलेजात जातात, भरलेल्या बसमधून जातात, पण लशीविना.

३ डिसेंबरला कर्नाटक सरकारने यावर एक उपाय काढला. १८ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांच्या आईवडलांचे दोन्ही डोस झालेले असले पाहिजेत. शाळा-कॉलेजांतले सांस्कृतिक कार्यक्रम १५ जानेवारीपर्यंत पुढे ढकलले. पालकांच्या डोसची अट वरवर बघता चांगली वाटते. घरातली मोठी माणसं सुरक्षित असली तर पोरांनी आणलेला आजार घरात फार नुकसान करणार नाही, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण ज्या घरात वडील ऊसतोडीला किंवा बांधकामावर बाहेरगावी आहेत, आईचा दुसरा डोस अजून बसत नाही, त्या घरातल्या मुलीने काय करायचं? आईबापाचा डोस राहिला म्हणून पोरीचा वर्ग बुडायचा, हा न्याय कुठला? अट घालायचीच होती तर कॉलेजच्या आवारातच पालकांसाठी लसीकरण ठेवायचं, म्हणजे अट आणि सोय एकाच ठिकाणी झाली असती.

धारवाडने काय शिकवलं

पालकांच्या मनात सध्या सर्वांत जास्त भीती आहे ती हॉस्टेलची. तिला कारण धारवाड. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला आणि काही दिवसांत बाधितांचा आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला. हॉस्टेलं सील झाली. यातल्या बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते.

ही बातमी फोनवरून फिरताना तिचा अर्थ झाला, "लस घेऊन काय उपयोग?" नीट वाचलं तर दुसरी बाजूही दिसते. इतक्या जणांपैकी बहुतेकांना लक्षणं नव्हती किंवा सौम्य होती. लशीने लागण थांबवली नाही, पण पोरं बहुतेक हॉस्टेलच्या खोलीतच बरी झाली, आयसीयूत जायची वेळ आली नाही. एप्रिल-मे महिन्यात आपण बेडसाठी आणि ऑक्सिजनसाठी जी धावपळ बघितली, तिच्याशी ताडून बघा.

म्हणून धारवाडचा धडा हॉस्टेल बंद ठेवा असा नाही. एकत्र जेवण, एकत्र झोपणं आणि बंद सभागृहातला कार्यक्रम, यातून आजार पसरतो, हा तो धडा. वर्गात खिडक्या उघड्या ठेवून, मास्क लावून बसलेली पोरं आणि एका खोलीत चौघं झोपलेली पोरं, यांचा धोका सारखा नाही. पालकांनी कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न हाच: खोलीत किती जण? आणि एखादा आजारी पडला तर त्याला वेगळं ठेवायला जागा आहे का, की "घेऊन जा" म्हणून घरी फोन येणार?

कोल्हापुरात हॉस्टेलवर असलेल्या बेळगावच्या मुलासाठी हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. ताप आलेल्या पोराला घरी आणायचं तर कोगनोळीचा नाका ओलांडायचा, तोही निगेटिव्ह अहवाल दाखवून. तापलेल्या पोराचा अहवाल निगेटिव्ह कुठून येणार?

घरी ठेवण्याचीही किंमत आहे

"नको बाबा, एक वर्ष गेलं तर गेलं, जीव महत्त्वाचा." हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय, कदाचित म्हटलंय. पण आता एक वर्ष नाही, दुसरं वर्ष संपत आलंय. मार्च २०२० मध्ये बंद झालेली कॉलेजं मधल्या काळात थोडी उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली. यंदा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कितीतरी मुलांनी प्रयोगशाळेत पाय ठेवलेला नाही. बारावीची परीक्षा महाराष्ट्रात झाली नाही, पीयूसी दुसऱ्या वर्षाची कर्नाटकात झाली नाही. पास सगळे झाले, पण काय येतं आणि काय येत नाही हे त्यांनाही ठाऊक नाही.

ऑनलाइनचं म्हणाल तर खानापूरच्या जंगलपट्ट्यात आणि चंदगडच्या डोंगरात रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसलेली पोरं आपण बघितली आहेत. घरात एक मोबाइल, तोही वडील कामाला घेऊन जाणार. डिप्लोमा, नर्सिंग, बीएस्सी असले कोर्स मोबाइलवर होत नाहीत. इंजेक्शन द्यायला व्हिडिओ बघून शिकता येत नाही.

आणि स्पष्टच बोलायचं तर घरी ठेवण्याचा निर्णय पोरांच्या आणि पोरींच्या बाबतीत सारखा होत नाही. मुलाला "सहा महिने थांब" म्हटलं जातं. मुलगी थांबली की स्थळं बघायला सुरुवात होते. धोका बघून तिला घरी ठेवलं असं म्हणताना आपण हेही मनाला विचारायला पाहिजे, की हा धोका आजाराचा आहे की आपल्याला एक सबब मिळाली आहे.

सीमाभागाचा आणखी एक मुद्दा. ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागा आहेत. यंदा सीईटी लांबली, त्यामुळे प्रवेशफेऱ्या आत्ता चालू आहेत. भीतीपोटी या वर्षी प्रवेश सोडला तर ती जागा पुढच्या वर्षासाठी कुणी राखून ठेवत नाही.

एसटी नाही, मग जायचं कसं?

ऑक्टोबरच्या शेवटापासून एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू आहे. पगारवाढ जाहीर होऊनही विलीनीकरणाच्या मागणीवर कर्मचारी ठाम आहेत. त्यांची बाजू हा वेगळ्या लेखाचा विषय. पण गावाकडच्या विद्यार्थ्यापुढे आज उरलंय ते वडाप. दहा माणसांच्या जीपमध्ये पंधरा. मास्क हनुवटीवर. कॉलेजात एका बाकावर एक अशी शिस्त आणि कॉलेजपर्यंत मांडीला मांडी लावून प्रवास. पासचे पैसेही गेले आणि भाडं रोख. धोक्याचा हिशेब करताना पालक कॉलेज बघतात, रस्ता बघत नाहीत. रोज ये-जा करणाऱ्यांच्या बाबतीत खरी गर्दी रस्त्यावरच आहे.

मग ठरवायचं कसं?

सर्वांना एकच उत्तर लागू पडणार नाही. पण सगळं तोलून बघता आमचं मत पाठवण्याच्या बाजूने आहे. मुलाचे दोन्ही डोस झाले असतील, घरातल्या म्हाताऱ्यांचेही झाले असतील, आणि कोर्स प्रात्यक्षिकांचा असेल तर थांबू नये. घरी आजारी किंवा लस न घेतलेलं वयस्कर माणूस असेल तर रोजच्या ये-जा करण्यापेक्षा महिन्या-दीड महिन्याने घरी येणं बरं. इथे मुलापेक्षा आजीला जपायचं आहे. पीयूसीच्या मुलांसाठी जवळचं कॉलेज आणि शक्य तर सायकल किंवा स्वतःची गाडी. आणि घरात कुणाचा डोस राहिला असेल तर आधी तो घ्या. "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणत किती आठवडे गेले ते मोजा.

इंदूर किंवा बडोद्याहून पोरांना पुण्याला पाठवणाऱ्या आपल्या वाचकांना रोजचा नाका नाही, पण अंतर आहे. त्यांनी निघण्याआधीच विचारून ठेवावं, की अचानक बंद झालं तर पोराला तिथेच राहता येईल का, मेस चालू राहील का. २०२० च्या मार्चमध्ये हॉस्टेलं रिकामी करायला लावली तेव्हा काय हाल झाले ते विसरण्यासारखं नाही.

आणि सरकारांनी?

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉलेजं पहिल्यांदा उघडली तेव्हापासून पालकांकडून संमतीपत्र घ्यायची पद्धत पडली. सही पालकाची, जबाबदारीही पालकाची. मग नाक्यावर पोराला उतरवलं तर त्याची जबाबदारी कुणाची, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही.

मागण्या फार मोठ्या नाहीत. दोन डोस आणि कॉलेजचं ओळखपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही राज्यांनी चाचणीविना सोडावं. चाचणी हवीच असेल तर ती नाक्यावर आणि फुकट करावी. आजारी विद्यार्थ्याला आईवडलांकडे न्यायची वाट मोकळी ठेवावी. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून एका पानाचं मराठी-कानडी पत्रक काढलं तरी अर्धा गोंधळ मिटेल. तिकडे कासरगोडहून मंगळुरूला शिकायला येणाऱ्या मुलांचं दुखणं हेच आहे, त्यामुळे यात मराठी-कानडी वाद आणायचं कारण नाही.

१३ डिसेंबरपासून बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतंय. दहा दिवस अख्खं सरकार इथेच असणार. शहरात बंदोबस्त लागेल, रस्ते चकाचक होतील. त्यातल्या एखाद्या मंत्र्याने सकाळी आठ वाजता बाचीच्या नाक्यावर फक्त अर्धा तास उभं राहावं. दप्तर पाठीला, अहवालाचा कागद हातात आणि पहिला तास बुडतोय म्हणून घड्याळ बघणारी पोरं त्याला तिथे दिसतील. त्यांच्या आईबापांनी पाठवायचा निर्णय घेतलाय. आता त्यांना वेळेवर वर्गात पोचू देणं सरकारच्या हातात आहे.